नऊ वाजेपर्यंतची नीरा

माझ्या वरातीत दारू नसेल आणि लोक नीरा पिऊन नाचतील, असं मी जाहीर केलं तेव्हा आईनं आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग तिनं बाबांना हाक मारली. बाबांनीही हात लावून पाहिला. आमचं किराणा दुकान आहे, त्यामुळं आमच्या घरात कुठलंही माप दोनदा घेतात.

"ताप नाई," बाबा म्हणाले. "म्हणजे हा खरंच बोलून राह्यला."

हे २००२ च्या फेब्रुवारीतलं. आम्ही राहतो सिंदी मेघ्याला, वर्धा शहराला लागूनच. मुलगी समुद्रपूरची, आकांक्षा. तिला मी फोनवर हा बेत सांगितला तेव्हा ती म्हणाली, "बर्फ टाकून आणजो. कोमट नीरा मले नाई आवडत." माझ्यापुरतं लग्न तिथंच लागलं. बाकीचे विधी पाहुण्यांसाठी होते.

आता वर्धा जिल्ह्यात माझ्या जन्माच्या आधीपासून दारूबंदी आहे. बाहेरचा माणूस याचा अर्थ भलताच लावतो. इथं दारू मिळत नाही असं नाही, इथं दारूचं दुकान मिळत नाही. दारू सायकलच्या ट्यूबमधून येते, दुधाच्या कॅनमधून येते, एकदा तर एका नवरीच्या रुखवतातल्या लोणच्याच्या बरणीतून आली होती. त्यामुळं आमच्याकडं पिणारा माणूस स्वतःला क्रांतिकारक समजतो आणि न पिणारा आपोआप सरकारचा माणूस ठरतो. मला सरकारशी काही देणंघेणं नव्हतं. मला नीरा आवडायची, एवढंच.

हे "एवढंच" कुणाला पटेना. नातेवाईक एकेक करून येऊन खरं कारण विचारून जात. डॉक्टरनं सांगितलं का? माळ घातली का? पोरीवाल्यांनी अट टाकली का? कोणी बुवा भेटला का? मी सगळ्यांना नाही म्हणालो.

"मंग काऊन बे?"

"आवडते म्हणून."

माणसानं दारू सोडली तर लोकांना समजतं. त्यासाठी एखादं दुःख लागतं आणि ते पुरवायला सगळे तयार असतात. पण माणूस दारूच्या जागी दुसरंच काहीतरी मजेनं पितो, गिलास वर करून, ओठ चाटून, दुसरा मागून, हे त्यांना जरा अश्लील वाटतं.

नीरा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळी शिंदीच्या झाडाला खाच पाडून मडकं टांगायचं. मडक्याला आतून चुना लावायचा. रात्रभर त्यात झाडाचा रस थेंबथेंब साचतो, तो उजाडायच्या आत उतरवायचा आणि बर्फात ठेवून प्यायचा. गोड, गार, मागून जराशी धुराची चव. पण ऊन चढलं की ती आंबायला लागते आणि तिची ताडी होते. म्हणजे पहाटे पाचला जी वस्तू खादीच्या टोपीत शोभून दिसते, तिला दुपारी दोनला अटक होऊ शकते. दुसऱ्या कुठल्याही सरबताचं आयुष्य इतकं थरारक नसतं.

विरोधी पक्षाचा नेता होता प्रफुल, माझा मावसभाऊ. तो नागपूरचा. नागपूरला दारू उघड मिळते, त्यामुळं माझ्या मते तिथल्या पिण्यात काही कर्तृत्व नाही. हळदीच्या दिवशी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "नील्या, नीरेवर कोनी नाचत नाई बे. नीरेवर लोक प्राणायाम करते."

"नाचतील."

"मावसाजी, तुमीच सांगा," तो बाबांकडं वळला. "मांगच्या साली आमच्या गल्लीत एक वरात नाचली नाई. लोक अजून इचारते, त्या दिवशी कोनी वारलं होतं का म्हणून. हा आपली इज्जत समुद्रपूरच्या चौकात ठेवून येईन."

बाबांना हे लागलं. वरात नाचली नाही तर नवरदेवाकडचे लोक मंडपाच्या दारात रॉकेलच्या रांगेत उभे असल्यासारखे दिसतात, हे खरंच आहे. शेवटी त्यांनी दुकानदारी पद्धतीनं मधला भाव काढला. वरात सकाळी महामंडळाच्या बसनं निघणार होती. समुद्रपूरच्या अलीकडं, लहानूभाऊंच्या शिंदीच्या बनाजवळ, मी नीरा घेऊन बसला गाठायचं. नीरा नऊपर्यंतच खरी, म्हणून मुदतही नऊ वाजेपर्यंतची. तोवर लोकांना नीरा मिळाली तर वरात माझ्या मर्जीची. नाही मिळाली तर प्रफुलच्या मारुतीची डिकी उघडणार, आणि नागपूरहून आणलेलं जे काही तिच्यात होतं ते वरात पिणार. मी तोंड उघडायचं नाही.

"मंजूर," मी म्हणालो.

आणायला कोण जाणार, हे विचारल्यावर मात्र सगळ्यांना एकदम कामं आठवली. म्हणून मीच निघालो. हळद लागलेल्या नवरदेवानं एकट्यानं घराबाहेर पडायचं नसतं. आईनं रडून पाहिलं, रागावून पाहिलं, आणि पहाटे चारला माझ्या हातात कट्यार दिली. आमच्याकडं नवरदेवाजवळ कट्यार असते आणि तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं असतं, म्हणजे भूतबाधा होत नाही.

"हे खाली ठेवजो नको," ती म्हणाली.

"मग टेम्पो कसा चालवू?"

"ते तुझं तू पाह्य."

तर मी एका हातानं दुकानाचा तीनचाकी टेम्पो चालवत, दुसऱ्या हातात लिंबू खोचलेली कट्यार धरून, कपाळाला मुंडावळ्या बांधून, तोंडाला हळद फासलेल्या अवस्थेत हिंगणघाट पार केलं. भुतांनी मला पाहिलं असेल तर त्यांनीच घरी जाऊन लिंबू खोचून घेतलं असेल.

लहानूभाऊ झाडावर होते. ते नेहमी झाडावरच असतात. वरूनच म्हणाले, "भरून ठेवल्या, पाहून घे." वीस लिटरच्या तीन कॅनी, भोवती बर्फ आणि ओला गोणपाट. मी एक गिलास प्यायलो. ती चव अशी होती की मी एकट्यानंच नाचून घेतलं असतं, पण हातात कट्यार होती. आकांक्षासाठी एक थर्मास वेगळा भरला. लहानूभाऊंनी खिशातून वाहतुकीचा पास काढून वरून खाली सोडला. तो हवेत तरंगत आला आणि मी तो न वाचता खिशात घातला. बाकी सगळं माझं चुकलं असेल-नसेल, ही एक चूक नक्की माझी.

बसला सामोरं जायचं म्हणून चार किलोमीटर गेलो आणि एका जमादारानं हात दाखवला. ठाण्याचं नाव सांगत नाही, मला अजून त्याच रस्त्यानं सासरी जावं लागतं. जमादारांचं नाव प्रेमदास. त्यांनी टॉर्च आधी माझ्या तोंडावर मारली, मग कट्यारीवर, मग लिंबावर, आणि तिथं बराच वेळ ठेवली.

"मांगं काय आहे?"

"नीरा."

"आन् लिंबू काऊन सोबत?"

"ते भुतासाठी."

"कोन्या भुतासाठी?"

"कोणत्याही."

त्यांनी पास घेतला, लांब धरला, जवळ धरला. "यावर अकरा तारीख आहे. आज बारा."

मी पाहिलं. होती. लहानूभाऊंचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. मडकं ज्या दिवशी टांगलं, त्या दिवसाची ती नीरा, असा त्यांचा आयुष्यभराचा हिशोब. मी हे जमादारांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे कागदापरमानं ही कालची नीरा."

"हो, पण..."

"कालची नीरा म्हणजे आज ताडी. चाल ठाण्यात."

"तुम्ही पिऊन पाहा."

"ड्यूटीवर ताडी पिऊ?"

"ताडी नाही हो ती."

"मंग घाबरून काऊन राह्यला?"

मी टेम्पो वळवला.

ठाण्यात पोचलो तेव्हा सात वाजत होते. ठाणेदार साहेब दाढी अर्धवट टाकून आले. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबण. ते सांगलीकडचे, दोन महिन्यांपूर्वी बदली होऊन आलेले. या जिल्ह्यात कोणावरही विश्वास ठेवायचा नाही, एवढं ते दोन महिन्यांत शिकले होते. त्यांनी एका शिपायाला पंचनामा लिहायला बसवलं. मुद्देमाल: कॅनी तीन, द्रवासह. थर्मास एक. कट्यार एक. लिंबू एक.

"लिंबू पण?" मी विचारलं.

"लिंबू आधी," ते म्हणाले. "दारूशिवाय लिंबू घेऊन कोण फिरतं?"

कॅनी मागच्या खोलीत नेऊन ठेवल्या आणि खोलीला कुलूप लावलं. नमुना नागपूरला तपासणीला जाणार आणि अहवाल दोनेक महिन्यांत येणार होता. तोवर मी, त्यांच्या म्हणण्याप्रमाणं, "सहकार्य" करायचं होतं.

मी घड्याळ पाहिलं. सात पंचवीस. बस सिंदी मेघ्याहून निघाली असणार. प्रफुलची मारुती तिच्या मागं. डिकी अजून बंद.

"साहेब," मी म्हणालो, "दोन महिन्यांनी तपासणीत ताडीच निघेल."

पेन थांबलं. "म्हणजे कबूल?"

"नाही. आत्ता ती नीरा आहे. पण नमुना उद्या गेला तरी ताडी निघेल. आज दुपारी गेला तरी निघेल. खोलीत बर्फ नाही आणि वर पत्रा आहे. म्हणजे आतमध्ये या क्षणी साठ लिटर ताडी तयार व्हायला लागली आहे. मी तर इथं बाकड्यावर बसलो आहे, माझे हात तुम्हाला दिसतायत. किल्ली तुमच्याकडं. मग ताडी गाळतंय कोण?"

मागच्या खोलीतून बुडबुडा फुटल्यासारखा बारीक आवाज आला. तो नळाचा असावा. पण सगळ्यांनीच तिकडं पाहिलं.

"साहेब," प्रेमदास जमादार हळूच म्हणाले, "कलम कोन्तं लागन?"

"कुणाला?"

"तेच तं समजून नाई राह्यलं."

साहेबांनी उरलेल्या गालावरचा साबण पुसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना घटनास्थळी पोचायला उशीर झाला नव्हता. ते घटनास्थळावरच बसले होते. "उघडा ती खोली," ते म्हणाले. "चव घेऊन बघू. ताडी नसेल तर आत्ताच नसेल."

कॅनी बाहेर आल्या. एक गिलास भरला. आणि मग आमच्या जिल्ह्याची खास अडचण उभी राहिली. गिलासातली वस्तू ताडी नाही, हे सांगायला सांगणाऱ्याला ताडीची चव माहीत पाहिजे. आणि ती माहीत आहे असं दारूबंदीच्या जिल्ह्यात, पोलीस ठाण्यात, साहेबांसमोर कोण म्हणणार?

"जमादार, तुम्ही घ्या."

"म्या कधी थेंब नाई घेतला, साहेब." प्रेमदास जमादारांचा आवाज एकदम कीर्तनातला झाला. "मले समजणार नाई."

दारातला शिपाई म्हणाला, त्याला वासानंच मळमळतं. लिहिणारा शिपाई म्हणाला, त्यानं लहानपणी फक्त नाव ऐकलं होतं. साहेब स्वतः गिलासापासून जरा मागं सरकले. इतकी निर्व्यसनी माणसं एका छताखाली मी आश्रमातही पाहिली नव्हती.

"मी सांगतो ना जी," आवाज कोठडीतून आला.

ते बापूराव होते. साठीच्या पुढचे, स्वच्छ धोतर, पांढऱ्या मिशा. आदल्या संध्याकाळी त्यांनी बसस्टँडवर बस समजून पोलिसांची गाडी हात दाखवून थांबवली होती आणि कंडक्टरकडं, म्हणजे प्रेमदास जमादारांकडं, एक अर्धं तिकीट मागितलं होतं. जमादारांनी त्यांना बाहेर आणलं. त्यांनी चूळ भरली, गिलास हातात घेतला, उजेडासमोर धरला, हुंगला, एक घोट तोंडात फिरवला आणि डोळे मिटले. सगळं ठाणं त्यांच्या गळ्याच्या घाटीकडं पाहत होतं.

"मडकं नवं आहे," ते म्हणाले. "चुना बरोबर पडला."

"ते राहू द्या," साहेब म्हणाले. "दारू आहे की नाही?"

"यात काईच नाई, साहेब."

"नक्की?"

"चाळीस वर्सं झाली पिऊन राह्यलो. यात काई असतं तं मी तुमाले सांगतलं असतं काय? चूपचाप दुसरा गिलास मांगतला असता."

एवढं बोलून त्यांनी गिलास संपवला आणि पुढं केला. "भरा अजून एक."

"काईच नाई म्हणता, मंग आता काऊन मांगून राह्यले?" जमादारांनी विचारलं.

बापूरावांनी गिलासाकडं पाहिलं. प्रामाणिकपणे विचार केला. "हे मलेबी समजून नाई राह्यलं," ते म्हणाले.

त्यांचा जबाब लिहून झाला: वरील द्रवात दारूचा अंश नाही, हे मी अनुभवानं सांगतो. "अनुभवानं" या शब्दाखाली त्यांनी रेघ मारायला लावली आणि मग सही केली. त्यानंतर साहेबांनी, आता कायद्याची हरकत नव्हती म्हणून, एक घोट घेतला. मग गिलास संपवला. गावाकडची आठवण आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला, पण त्यांनी तो लगेच बदलला.

"ठीक आहे. नीरा आहे. पण पास कालचा आहे, आणि नऊनंतर ही ताडी होणार. मी ही रस्त्यावर सोडणार नाही आणि ठाण्यातही ठेवणार नाही." त्यांनी कागद ओढला. "मुद्देमाल नऊच्या आत, समक्ष, नष्ट करावा. जमादार, नालीत ओता."

आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. प्रेमदास जमादार पहिल्या कॅनीकडं गेले. मी त्यांच्या आधी पोचलो आणि कॅनीवर बसलो.

"ऊठ."

"नाही."

"नवरदेव आहेस म्हणून ऐकून घेतोय," साहेब म्हणाले.

"साहेब, नष्ट करायचं आहे ना? कसं करायचं ते कागदावर लिहिलेलं नाही. मी पिऊन नष्ट करतो."

"साठ लिटर?"

"साठ माणसं येऊन राहिली आहेत. याच रस्त्यानं. बस तुमच्या दारावरूनच जाणार."

"आणि नाही आली तर?"

"तर मी बसतो एकटा पीत. नवाच्या आत जेवढी होईल तेवढी. उरलेली ओता, पण मी उठणार नाही. माझ्यासकट ओता."

हे मी मोठ्या शौर्यानं म्हणालो असं नाही. मला फक्त ती नालीत पाहायची नव्हती. चाळीस झाडांनी रात्रभर थेंब थेंब गाळलेली ती वस्तू होती, आणि आमच्या जिल्ह्यातल्या नाल्यांनी आजवर पंचांसमक्ष इतकी दारू प्यायली आहे की त्यांना आता चव कळत नाही. साहेबांनी जमादारांकडं पाहिलं. जमादारांनी छताकडं. बापूराव म्हणाले, "बसू द्या जी, लहान आहे." आणि कॅनीजवळ येऊन त्यांनी गिलास पुढं केला.

आठ चाळीसला बस आली. ठाण्यासमोर आमच्या दुकानाचं नाव लिहिलेला टेम्पो पाहून बाबांनी ती थांबवली. पाठोपाठ प्रफुलची मारुती, बरोबर फाटकासमोर. बाबा उतरले. त्यांनी आपला मुलगा पाहिला: मुंडावळ्या सरकलेल्या, बुडाखाली कॅन, डावीकडं पोलीस, उजवीकडं कोठडीतला माणूस.

"अबे," ते म्हणाले, "नवरदेव असा कुठं बसते काय?"

"बाबा, सगळ्यांना उतरवा. वीस मिनिटं आहेत."

प्रफुलही उतरला होता. तो घड्याळ दाखवत हसत हसत आला. "नऊ वाजू दे नील्या, मंग पाहू. डिकी..." तेवढ्यात त्याला दिसलं की ठाणेदार साहेब त्याच्या मारुतीला टेकून उभे आहेत आणि त्यांचा हात नेमका डिकीवर आहे.

"डिकीचं काय?" साहेबांनी सहज विचारलं.

"स्टेपनी," प्रफुल म्हणाला.

"नुसती स्टेपनी?"

"दोन," प्रफुल म्हणाला, आणि पहिला गिलास त्यानं उचलला.

गिलास ठाण्यातले, शेजारच्या चहावाल्याचे, बसमधल्या लोकांच्या पाण्याच्या बाटल्यांची झाकणंसुद्धा. लोक आधी औषध घेतल्यासारखे प्यायले. मग जरा थांबले. मग एका मामानं दुसऱ्या मामाला विचारलं, "हे गोड आहे का मलेच गोड लागून राह्यलं?" आणि रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. प्रफुलनं सहा गिलास घेतले. सहाव्याला तो मला कानात म्हणाला, "चांगली आहे बे," आणि हे त्यानं साहेबांच्या भीतीनं म्हटलं की खरंच, हे त्यानं अजून सांगितलेलं नाही.

आठ सत्तावन्नला तिसरी कॅन उपडी केली. एक थेंब पडला, तो बापूरावांनी तळहातावर घेतला. साहेबांनी कागदावर लिहिलं: मुद्देमाल नष्ट. कट्यार आणि लिंबू परत. थर्मासवर ते हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

"यात?"

"नवरीचा हिस्सा आहे."

"मला थर्मास दिसला नाही," ते म्हणाले आणि खाडाखोड केली.

पण खरी परीक्षा पुढं होती. प्यायची पैज मी जिंकली होती, नाचायची नव्हती. समुद्रपूरला चौकात बस थांबली, नाश्ता-कपडे उरकून साडेदहाला मला घोडीवर बसवलं, डफडेवाल्यांनी ताल धरला, आणि वरात उभी राहिली. नुसती उभी. अडचण अशी की शुद्धीतल्या माणसाला आपला हात कुठं आहे हे नीट कळतं. तो हात वर करतो आणि त्याला तो हात दिसतो. मामा मंडळी एकमेकांकडं पाहत होती. प्रफुल माझ्याकडं पाहत होता. पोरीकडचे लोक मंडपाच्या दारातून पाहत होते.

मी घोडीवरून उतरलो. नवरदेव उतरत नसतो, पण त्या दिवशी तो एरवी न करायचं बरंच काही करत होता. कट्यार वर धरली आणि नाचलो. वाईट नाचलो. मला नाचता येत नाही आणि ते मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसत होतं, शंभर माणसांना दिसत होतं, आणि तरी मी थांबलो नाही. लोकांना बहुतेक तेच पाहिजे होतं: आपल्यापेक्षा वाईट नाचणारा एक माणूस. एक मामा आला, मग दुसरा, मग प्रफुल. प्रफुल एकदा नाचायला लागला की कोणाचं ऐकत नाही. डफडेवाल्यांनी गती वाढवली. कुणीच पडेना, कुणालाच ओकारी येईना, कुणाचं भांडण होईना, त्यामुळं नाच संपायचं काही कारणच उरलं नाही. नेहमीच्या वरातीत अर्ध्या तासात दोन-तीन माणसं आडवी होतात आणि आपोआप पुढं सरकता येतं. इथं सगळे ताजेतवाने. चौकातून मंडप दिसत होता आणि आम्ही तासाभरात वीस पावलं गेलो होतो.

शेवटी वासुदेवराव, माझे होणारे सासरे, गर्दीतून वाट काढत आले. शेतकरी माणूस, आवाज बैलांना पुरेल एवढा. डफडी बंद पडली.

"सदाशिवराव! तुमच्या पोरानं सांगतलं होतं, वरातीत दारू नाई म्हणून. आन् हे काय आहे?"

"काय आहे?" गर्दीच्या मधून बाबांचा आवाज आला.

"तासभर झाला धिंगाणा चालू आहे. सारे फुल्ल आहे. हे काय शुद्धीतले लोक आहे?"

गर्दी बाजूला झाली. बाबा दिसले. टोपी मागं गेलेली, शर्टाची दोन बटणं उघडी, कमरेला माझ्या आतेभावाचा गमछा. मी पंचवीस वर्षांत बाबांना बसल्या जागी पाय हलवतानाही पाहिलं नव्हतं. ते घामानं निथळत होते आणि धापा टाकत होते.

वासुदेवरावांचा आवाज खाली आला. "तुमीबी, सदाशिवराव?"

बाबा सरळ चालत त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, अगदी नाकाला नाक लागेल इतके जवळ.

"हुंगा," ते म्हणाले.

"अहो, लोकं पाहून राह्यले..."

"पाहू द्या. हुंगा, व्याहीबुवा." आणि त्यांनी तोंड उघडलं, डॉक्टरकडं उघडतात तसं, आ करून. मागून एक मामा पुढं आला, त्यानंही तोंड उघडलं. मग दुसरा. मग प्रफुल, सगळ्यात मोठं. समुद्रपूरच्या चौकात सकाळी साडेअकराला साठ माणसं आ वासून एका माणसासमोर उभी राहिली.

वासुदेवरावांनी बाबांचं तोंड हुंगलं. मग मामांचं. मग प्रफुलचं दोनदा. त्यांच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या.

"काईच वास नाई," ते म्हणाले. "मंग इतके नाचून काऊन राह्यले?"

"पोराचं लगन आहे," बाबा म्हणाले. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, गमछा घट्ट केला आणि डफडेवाल्यांकडं वळले. "थांबले काऊन? वाजवा."

मुहूर्त अकरा पस्तीसचा होता. लग्न लागायला साडेबारा झाले.